‘थांबा हं’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

पत्र :

ताई, मी ३९ वर्षांची. माहेर बार्शी तालुक्यातलं, शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम. मुलं मोठी झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी पुण्यात, हडपसर भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात रिसेप्शनला लागले. मराठी-हिंदी बोलणारे पेशंट असले की मला काही अडचण नाही, उलट लोक मला शोधत येतात. पण इथे आयटीतले बाहेरच्या राज्यांतले खूप लोक येतात. ते इंग्रजीतच सुरू होतात आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते. गेल्या महिन्यात एका पेशंटच्या मुलाने तक्रार केली की रिसेप्शनवरच्या बाई उद्धट आहेत. मी एवढंच म्हणाले होते, ‘सिट देअर. वेट. डॉक्टर नॉट कम.’ उद्धट हा शब्द मला फार लागला. रोज रात्री व्याकरणाचं पुस्तक काढून बसते. बारा काळांचा तक्ता पाठ आहे, पण काउंटरवर एक वाक्य धड येत नाही. मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. ती माझ्या चुका काढून हसते. एका क्लासवाल्याने ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ म्हणून अठरा हजार सांगितलेत. भरू का? की या वयात आता हे जमायचं नाही?

— एक वाचक, हडपसर

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी तुमचं ते वाक्य मराठीत करून पाहिलं. ‘बस तिकडे. थांब. डॉक्टर नाही आला.’ मराठीत तुम्ही असं कुणालाही म्हणाला नसता, चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्यालाही नाही. मराठीत तुम्ही म्हणाला असता, ‘बसा ना काका, डॉक्टर येतीलच इतक्यात, थोडं थांबावं लागेल हं.’

आता या वाक्यात आदर कुठे कुठे आहे ते मोजा. ‘बस’ला लागलेला काना, हा पहिला. मग ‘ना’. मग ‘काका’. ‘येईल’ऐवजी ‘येतील’. त्या ‘येतील’ला चिकटलेला ‘च’, ज्यात ‘काळजी करू नका’ असं न बोलता सांगितलेलं आहे. आणि शेवटचा ‘हं’. सहा जागा झाल्या. यातली एकही जागा इंग्रजीत नाही. इंग्रजीत क्रियापदाला काना लावून मान देता येत नाही. तू, तुम्ही आणि आपण या तिघांना मिळून तिथे एकच ‘यू’ आहे, लहान पोरालाही तोच आणि न्यायाधीशालाही तोच. त्यामुळे मराठीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की मान वाटेतच गळून पडतो आणि पलीकडे फक्त हुकूम पोचतो. तुम्ही उद्धट नव्हता. तुमची नम्रता मराठीत ज्या खुंट्यांवर टांगलेली असते त्या खुंट्या इंग्रजीत नाहीत, आणि इंग्रजीतल्या खुंट्या तुम्हाला कुणी दाखवल्या नाहीत. शाळेत मलाही कुणी दाखवल्या नव्हत्या. पाचवीत एबीसीडी, सहावीपासून काळ, दहावीत निबंध पाठ. ‘जरा सरकता का’ इंग्रजीत कसं म्हणायचं हे मला कॉलेज संपेपर्यंत येत नव्हतं.

म्हणून सुरुवात तक्त्यापासून करू नका, या खुंट्यांपासून करा. इंग्रजीत मान मुख्यतः तीन ठिकाणी असतो. एक, हुकमाचा प्रश्न करायचा : ‘कुड यू’, ‘वुड यू’, ‘मे आय’. दोन, ‘प्लीज’, ‘थँक यू’, ‘सॉरी’ हे शब्द हात आखडता न घेता वापरायचे. आपण घरात कुणी पाण्याचा तांब्या दिला तर धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर परकेपणा वाटतो. इंग्रजीत उलट आहे, तिथे नाही म्हटलं तर परकेपणा वाटतो. पेशंटने फाइल पुढे सरकवली, थँक यू. त्याने नाव सांगितलं, थँक यू. तीन, वाक्य थोडं लांब ठेवायचं आणि कारण सांगायचं. एका शब्दाचं इंग्रजी वाक्य कानाला टोचतं.

आता तुमचंच वाक्य. ‘सिट देअर’च्या जागी ‘प्लीज हॅव अ सीट’. हे चार शब्द एकत्रच पाठ करा, त्यातल्या ‘हॅव’चा अर्थ शोधत बसू नका. ‘वेट’च्या जागी ‘कुड यू प्लीज वेट फॉर टेन मिनिट्स?’ आणि ‘डॉक्टर नॉट कम’च्या जागी ‘द डॉक्टर हॅजन्ट कम येट’. ‘येट’ म्हणजे आपलं ‘अजून’. डॉक्टर अजून आले नाहीत. या ‘येट’ने वाक्याला आशा येते. ‘नॉट कम’ ऐकलं की माणसाला वाटतं, आज येणारच नाहीत की काय.

शीर्षकातला प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीत, पण तुम्हाला तोच पडलेला असणार. ‘थांबा हं.’ समोर माणूस उभा असेल तर ‘वन मोमेंट, प्लीज’. फोनवर असेल तर ‘कुड यू होल्ड फॉर अ मोमेंट, प्लीज?’ आणि परत आल्यावर ‘थँक यू फॉर वेटिंग’. हे शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडतं. मराठीत आपण ‘हं, बोला’ म्हणून पुढे जातो. इंग्रजीत थांबल्याबद्दल आभार मानले की चिडलेला माणूसही निम्मा शांत होतो.

तुमच्या काउंटरवर एक वाक्य नक्की वापरलं जात असणार, कारण ते सगळीकडे वापरलं जातं : ‘व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?’ आपल्या मनात ‘काय त्रास होतोय?’ असतं. पण इंग्रजीत हे सुराप्रमाणे ‘तुझा काय प्रॉब्लेम आहे रे?’ असं, भांडण उकरून काढल्यासारखं ऐकू येऊ शकतं. त्याऐवजी ‘हाऊ कॅन आय हेल्प यू?’ नाव विचारताना ‘मे आय हॅव युवर नेम, प्लीज?’ ‘युवर गुड नेम’ हे आपल्या ‘शुभ नाम’वरून आलेलं आहे. भारतात सगळ्यांना कळतं, कुणी रागावणार नाही, पण नव्याने शिकताय तर नको.

आणि नकार. ‘नो डॉक्टर टुडे’ असं म्हणू नका. ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट अव्हेलेबल टुडे.’ अफ्रेड म्हणजे घाबरलेला हे आपण शाळेत शिकतो, म्हणून हे वाक्य बोलायचा धीर होत नाही. इथे भीतीचा काही संबंध नाही. नको असलेली बातमी सांगण्याआधी हात जोडल्यासारखं ते आहे, आपल्या ‘माफ करा, पण…’च्या जागी बसणारं.

एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ‘आय डोन्ट नो’ एवढ्यावर थांबू नका. ‘लेट मी चेक अँड टेल यू.’ विचारून सांगते. तुम्ही मराठीत हेच म्हणता.

पण या सगळ्यांच्या आधी, अगदी उद्या सकाळी तोंडात असायला हवीत अशी दोन वाक्यं : ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ आणि ‘कुड यू स्पीक अ लिटल स्लोली, प्लीज?’ समोरचा पटकन बोलला आणि कळलं नाही की आपण घाबरून मान डोलावतो, आणि तिथून गोंधळ सुरू होतो. हॉस्पिटलात न कळता मान डोलावणं धोक्याचं आहे. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. तिसरंही एक वाक्य ठेवा : ‘इज हिंदी ओके विथ यू?’ बाहेरून पुण्यात आलेल्या बऱ्याच जणांना हिंदी चालते, ते केवळ सवयीने इंग्रजीत सुरू होतात. अपघात, छातीत दुखणं, बाळंतपणाच्या कळा, असं काही समोर आलं तर इंग्रजीचा सराव करायचाच नाही. जी भाषा येते ती बोला, नाहीतर इंग्रजी येणाऱ्या सिस्टरला हाक मारा.

आता व्याकरण. तुम्ही बारा काळ पाठ केलेत, त्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. पण रोजच्या बोलण्यात त्यातले चार-पाच लागतात, आणि चुका तक्त्यात नसतात. जिथे मराठी एका वाटेने जाते आणि इंग्रजी दुसऱ्या, त्या वळणांवर चुका होतात. ही वळणं थोडी आहेत. मला सगळ्यात जास्त दिसतात ती सांगते.

पहिलं, ‘आहे’चं वळण. मराठीत ‘मी काम करते आहे’, ‘मला माहिती आहे’, ‘माझ्याकडे फाइल आहे’, सगळीकडे ‘आहे’. म्हणून जिभेवर आधी ‘आय ॲम’ येतं आणि मग ‘आय ॲम वर्क’, ‘आय ॲम नो’ असं काहीतरी तयार होतं. ‘ॲम’ आणि ‘वर्क’ असे शेजारी शेजारी बसत नाहीत. आत्ता, या क्षणी चाललं असेल तर ‘आय ॲम वर्किंग’. रोजचं असेल तर नुसतं ‘आय वर्क हिअर’. माहिती असेल तर ‘आय नो’. आणि जवळ असणं, नात्याने असणं, अंगात असणं या तिन्हींना इंग्रजीत एकच शब्द, ‘हॅव’. माझ्याकडे फाइल आहे, ‘आय हॅव द फाइल’. मला दोन मुलं आहेत, ‘आय हॅव टू चिल्ड्रन’. मला ताप आहे, ‘आय हॅव अ फीव्हर’. तुमच्या कामाचे निम्मे प्रश्न याच शब्दावर चालतील : ‘डू यू हॅव ॲन अपॉइंटमेंट?’, ‘डू यू हॅव द ओल्ड रिपोर्ट्स विथ यू?’

दुसरं वळण प्रश्नाचं, आणि इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण रिसेप्शनचं काम म्हणजे दिवसभर प्रश्नच. मराठीत साधं वाक्य घेऊन शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. तुम्ही पैसे भरले. तुम्ही पैसे भरले का? इंग्रजीत ‘का’ शेवटी येत नाही, पुढे येतो, आणि तो ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ असा असतो. ‘यू पेड’ आणि ‘डिड यू पे?’ इथे नीट पाहा : ‘डिड’ आल्यावर ‘पेड’चा परत ‘पे’ झाला. काल घडून गेल्याची खूण ‘डिड’ने उचलली, म्हणून ‘पे’चे हात मोकळे झाले. विहिरीवरून येताना एकीने कळशी डोक्यावर घेतली की दुसरी मोकळ्या हाताने चालते, तसंच. दोघींच्या डोक्यावर एकच कळशी नसते, म्हणून ‘डिड यू पेड’ नाही, ‘व्हेन डिड यू केम’ नाही. ‘व्हेन डिड यू कम?’ नकारातही तसंच : ‘ही डिडन्ट कम’. ‘डज’चंही तेच. ‘शी वर्क्स’, पण ‘डज शी वर्क?’ तो ‘स’ ‘डज’ने उचलून नेला. एवढी एक गोष्ट आठवडाभर घोटलीत तरी काउंटरवर फरक जाणवेल.

आणि हो, एक चांगली बातमी, जी व्याकरणाची पुस्तकं सांगत नाहीत. तुम्ही रोज न अडखळता म्हणता : गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेलात, गेला, गेली, गेलं, गेल्या, गेली. कोण गेलं, बाई की पुरुष, एक की अनेक, सगळं बघून तुम्ही एका क्षणात रूप निवडता. या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द आहे : ‘वेंट’. जी बाई मराठीची एवढी रूपं सांभाळते, तिला इंग्रजीचं व्याकरण झेपणार नाही हे मी मान्य करणार नाही. तिथे खुर्ची पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा प्रश्नसुद्धा नाही.

तिसरं वळण ‘काल’चं. ‘मी काल रिपोर्ट दिलाय’ हे मराठीत चालतं. म्हणून आपण ‘आय हॅव गिव्हन द रिपोर्ट यस्टरडे’ म्हणतो, आणि ते चुकतं. काल, परवा, सकाळी दहाला, असा संपून गेलेला वेळ सांगितला की ‘हॅव’ काढायचा : ‘आय गेव्ह द रिपोर्ट यस्टरडे’. वेळ सांगितला नाही, नुसतं ‘दिलाय’ एवढंच असेल, तर ‘आय हॅव गिव्हन द रिपोर्ट’ बरोबर. आणि ‘परवा’ हा शब्द जपून. मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही, संदर्भावरून आपण समजून घेतो. इंग्रजीत दोन वेगळे आहेत : येणारा परवा ‘द डे आफ्टर टुमॉरो’, गेलेला ‘द डे बिफोर यस्टरडे’. अपॉइंटमेंट देताना मी तर म्हणेन परवा म्हणूच नका, वार आणि तारीख सांगा.

वेळेचंही सांगून टाकते. सव्वादहा ‘क्वार्टर पास्ट टेन’, साडेदहा ‘हाफ पास्ट टेन’, पावणेअकरा ‘क्वार्टर टू इलेव्हन’. गडबडीत पावणे आणि सव्वा उलटे होतात, म्हणून सरळ ‘टेन फिफ्टीन’, ‘टेन थर्टी’, ‘टेन फॉर्टी-फाइव्ह’ म्हणा. पूर्ण बरोबर आहे. वेळेआधी ‘ॲट’, वाराआधी ‘ऑन’, महिन्याआधी ‘इन’ : ‘ॲट टेन थर्टी, ऑन मंडे’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत मात्र पैशांचा घोळ होतो. ‘टीन’ असलेल्या आकड्यात शेवटचा ‘टीन’ लांबवून, जोर देऊन म्हणायचा. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अक्षरावर. शंका आली तर आकडे सुटे करून सांगा : ‘वन फाइव्ह, फिफ्टीन’. फोन नंबरही तसाच, एकेक आकडा. मराठीत आपण अठ्ठ्याण्णव, बावीस अशा जोड्या करतो, ती सवय इंग्रजीत सोडा आणि लिहून झाला की परत वाचून दाखवा : ‘लेट मी रिपीट द नंबर’.

बाकीचं पटापट. ‘डोकं दुखतंय’वरून आलेलं ‘माय हेड इज पेनिंग’ न म्हणता ‘आय हॅव अ हेडेक’. (पेशंट ‘पेनिंग’ म्हणाला तर त्याला सुधारू नका, त्याचं डोकं खरंच दुखत असतं.) चक्कर येते, ‘आय फील डिझी’. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन येतो, ‘आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली’. तो काढून टाका, ‘यस्टरडे’वर आवाजाचा जोर द्या. हॉस्पिटलच्या मागे पार्किंग असेल तर ‘बॅकसाइड’ म्हणू नका, त्याचा दुसरा अर्थ शरीराच्या मागच्या भागाचा आहे. ‘बिहाइंड द हॉस्पिटल’ म्हणा. दिवा आणि पंखा ‘ओपन’ होत नाही, ‘स्विच ऑन’ होतो. ‘रिसीट’मध्ये ‘प’ लिहिलेला असतो पण बोलायचा नाही, आणि हा शब्द तुम्ही दिवसातून शंभरदा म्हणत असाल. संध्याकाळी सातनंतर कुणी आलं तरी ‘गुड ईव्हनिंग’च. ‘गुड नाइट’ निरोप घेताना. ‘हाऊ आर यू?’ हा आपल्या ‘काय, जेवलात का?’सारखा आहे, खरी चौकशी कमी आणि ओळख जास्त. ‘फाइन, थँक यू. अँड यू?’ एवढं पुरे.

‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे हा प्रश्न तुम्हाला छळत असणार, कारण मराठीत असं काही नाहीच. माझं स्पष्ट मत : यंदा त्याकडे लक्ष देऊ नका. ‘डॉक्टर इज इन ओपीडी’ म्हणालात तर समोरच्याला सगळं कळतं. ‘प्लीज’ राहिला तर माणूस दुखावतो, ‘द’ राहिला तर कुणी दुखावत नाही. पूर्ण वाक्यं ऐकून ऐकून ते कानात बसेल.

एक गंमत बघा. पेशंट तुम्हाला दिवसभर विचारतात, ‘माझा कितवा नंबर?’ या ‘कितवा’ला इंग्रजीत एका शब्दात काही नाही. आपल्याकडे जो शब्द पोरंसोरं वापरतात तो त्या भाषेजवळ नाही. मग इंग्रज माणूस काय विचारतो? ‘हाऊ मेनी पीपल आर बिफोर मी?’ माझ्याआधी किती जण आहेत? आणि तुम्ही सांगता, ‘देअर आर थ्री पेशंट्स बिफोर यू.’ शब्द अडला की तो शब्द सोडा, मला काय कळवायचंय ते बघा, आणि येतात त्या शब्दांत ते सांगा. मनात मराठी वाक्य धरून त्याचा एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवायची जी सवय आपल्याला शाळेतल्या भाषांतराने लागली, ती सुटायला थोडा वेळ लागेल. पण ती सुटते.

सराव कसा करायचा? एक शंभर पानी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आज काउंटरवर मराठीत खरोखर बोललेलं वाक्य लिहायचं, उजवीकडे त्याचं इंग्रजी. पुस्तकातलं ‘राम आंबा खातो’ नको. ‘बिल खाली भरा आणि पावती मला दाखवा’ हवं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेव्हा त्याच्या पानावर एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर असायचा. ही जोडपानाची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. रोज पाच वाक्यं, सहावं नको. उजवी बाजू तुम्हाला जमेल तशी आधी स्वतः लिहा, मग एखाद्या तरुण डॉक्टरला किंवा सिस्टरला दाखवा. आपलं काम सुधारायला बघणाऱ्या माणसाला बहुतेक लोक मदत करतात. मग ती वाक्यं मोठ्याने म्हणा. मनात वाचून जिभेला वळण पडत नाही. स्वयंपाक करताना म्हणा, बसस्टॉपवर पुटपुटा. महिन्यात शे-सव्वाशे वाक्यं होतील, आणि तुमच्या काउंटरवरचं नेहमीचं बोलणं त्यात बरंचसं येऊन जाईल असं मला वाटतं. एका माणसाच्या एका कामात लागणारी भाषा आपल्याला वाटते तेवढी मोठी नसते.

त्या क्लासला अठरा हजार भरू नका. तीस दिवसांत कुठलीही भाषा फाडफाड येत नाही, आणि असा शब्द जो देतो त्याच्यावर मी पैसे ठेवणार नाही. पुढेमागे क्लास लावायचाच झाला तर आधी एक तास बसून बघा आणि मोजा : त्या तासात मी स्वतः किती मिनिटं बोलले? पन्नास जणांच्या वर्गात फळ्यावरचं उतरवून घ्यायचं असेल तर ते तुम्ही घरीही करताच आहात. दरम्यान फुकट मिळतं ते वापरा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये विनामूल्य आहेत. मराठी माध्यमाची पाचवी ते सातवीची इंग्रजीची पुस्तकं उतरवून घ्या आणि मोठ्याने वाचा. ती छोट्या संवादांनी भरलेली आहेत आणि आपल्याच मुलांसाठी लिहिलेली आहेत. ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे भाग आहेत, तेही फुकट. पहिल्यांदा निम्मं कळणार नाही. तोच भाग तीन दिवस ऐका.

वयाचं विचारलंत. तुमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात आलं ते २००० साली, तेव्हा तुम्ही माध्यमिक शाळेत असणार. तुमच्या मुलीला बालवाडीपासून मिळालं ते तुम्हाला मिळालं नाही, एवढाच दोघींतला फरक आहे, डोक्याचा नाही. चाळिशीत उच्चार सोळाव्या वर्षाइतके वळत नाहीत हे खरं. पण तुम्हाला कुणाची नक्कल करायची नाहीये. मराठी वळणाचं, स्वच्छ, सावकाश इंग्रजी कुणालाही कळतं.

मुलगी हसते ते मात्र थांबवायला हवं, आणि रागावून ते थांबणार नाही. तिला काम द्या. रोज दहा मिनिटं ती पेशंट, तुम्ही रिसेप्शन. तिला सांगा, चिडका पेशंट हो, घाईतला हो, हळू बोलणारी आजी हो. चूक झाली तर मध्ये तोडायचं नाही, दहा मिनिटं संपल्यावर फक्त दोन चुका सांगायच्या. आठवीतल्या मुलीला नाटक आवडतं. आणि आईची नोकरी म्हणजे दिवसभर काय असतं हे तिला पहिल्यांदा कळेल.

तिला रमाबाई रानड्यांची गोष्टही सांगा. १८७३ साली न्यायमूर्तींशी लग्न होऊन त्या पुण्यात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. आधी मराठी, मग इंग्रजी, असं त्या नवऱ्याच्या आग्रहाने शिकल्या, आणि त्या शिकण्यापायी घरातल्या बायकांची किती बोलणी खाल्ली हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे त्याच रमाबाई पुण्याच्या सेवासदनाच्या प्रमुख झाल्या. १९०९ साली सुरू झालेल्या त्या संस्थेने बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, ज्या काळात चांगल्या घरच्या बाईने दवाखान्यात काम करणं लोकांना पटत नव्हतं. आज तुम्ही ज्या काउंटरमागे उभ्या राहता, तिथपर्यंत बाई पोचली त्यात त्यांचा वाटा आहे.

तक्रारीचं काय करायचं? मॅनेजरला स्वतः भेटा, बोलावण्याची वाट बघू नका. सांगा की मी उद्धट बोलले नाही, मला नीट वाक्य येत नव्हतं, आणि मी ते शिकते आहे. जमलं तर नेहमीची वीस वाक्यं टाइप करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायची परवानगी घ्या. तुमच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या शिफ्टच्या मुलीलाही ती लागतील, फक्त तिने तुमच्यासारखं पत्र लिहिलेलं नाही.

आणि तो मुलगा परत आला, फॉलोअपला येणारच, तर जुनं काही काढू नका. एवढंच म्हणा : ‘गुड मॉर्निंग, सर. प्लीज हॅव अ सीट. द डॉक्टर हॅजन्ट कम येट, बट ही इज ऑन हिज वे.’ शेवटचे शब्द डॉक्टर खरंच वाटेत असतील तरच. नसतील तर ‘लेट मी चेक अँड टेल यू’, आणि मग खरंच फोन करून त्याला येऊन सांगा.